जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबविली. तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन पालक येतात. मुलीसाठी उसनवारी करून जुना संगणक घेतला, आता दुकानदार म्हणतो हा टाका, नवा घ्या. नवा म्हणजे कष्टकरी घरातली महिन्या-दोन महिन्यांची कमाई. आमचे म्हणणे एवढेच की, कर्ज काढण्यापूर्वी एका पेनड्राइव्हच्या खर्चात एक प्रयोग करून पाहावा.

संगणक सुरू होताच त्याचा कारभार हाती घेते ती कार्यप्रणाली. एरवी ती आतल्या डिस्कवर बसविलेली असते. पण काही प्रणाली सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरूनच चालतात. पाहुण्याने आपली वळकटी आणावी, रात्र काढावी आणि सकाळी ती गुंडाळून न्यावी, तसेच हे. घरच्या कपाटाला हात लागत नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली काढलेल्या क्नॉपिक्सने ही पद्धत लोकप्रिय केली. पुढे २००५ मध्ये उबुंटू या मोफत प्रणालीची खास विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती निघाली, ती एडुबुंटू. त्या काळात उबुंटूच्या सीड्या टपालाने फुकट घरपोच येत. २०११ मध्ये ते बंद झाले. एडुबुंटूचे कामही २०१४ नंतर थंडावले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. आता तिचा पसारा ७०० एमबीच्या सीडीत मावत नाही. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. फाइल उतरविणे आणि पेनड्राइव्ह तयार करणे ही कामे वस्तीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून करून घ्यावीत. त्यात पेनड्राइव्हवरचे जुने सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामा असावा. एकाने उतरविलेली प्रत दहा घरांनी वापरली तरी कायदा आड येत नाही. चोरून बसविलेल्या विंडोजबद्दल असे म्हणता येत नाही.

आम्ही हा प्रयोग ४ जीबी मेमरीच्या एका जुन्या संगणकावर केला. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना डेल व लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ ही कळ दाबावी लागते. पडदा उजळायला काही मिनिटे गेली. पेनड्राइव्हवरून चालताना ही गती स्वीकारावीच लागते. २ जीबीच्या संगणकावर मात्र या वाटेस जाऊ नये.

त्या घरची मुलगी आठवीत. तिने कॅल्झियम उघडले. त्यात मूलद्रव्यांचा सारा तक्ता दिसतो आणि तापमानाची पट्टी सरकविली की कोणते मूलद्रव्य स्थायू, कोणते द्रव, कोणते वायू हे रंग बदलून कळते. पट्टी खोलीच्या तापमानावर आणली तेव्हा पारा आणि ब्रोमीन द्रव राहिले. "पुस्तकात आहे की हे," ती म्हणाली आणि अर्धा तास उठली नाही. धाकट्या भावाला जीकॉम्प्रिसमधले घड्याळ सापडले. काटे फिरवून वेळ लावायची. चित्रे काढायला टक्स पेंट आहे. हे सर्व इंटरनेट नसतानाही चालते, ही आमच्या मते सर्वांत मोठी सोय.

कीबोर्डच्या यादीत मराठी आहे, टंकलेखन होते. पण सगळ्या सूचना मराठीत मिळतील अशी आशा धरू नये.

मुलीच्या वडिलांनी विचारले, यावर टॅली चालेल का? सरळ चालत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांना टॅलीसाठी विंडोज लागतेच, हे आम्ही स्वतः बी. कॉम. असल्याने लपविणार नाही. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते यांना लिबरऑफिस पुरते. केरळच्या सरकारी शाळांत तर उबुंटूवर आधारलेली प्रणालीच अनेक वर्षे शिकवली जाते. तेव्हा हे कमअस्सल शिक्षण आहे असे कोणी म्हणू नये.

जपायचे आहे ते दोन ठिकाणी. पेनड्राइव्हवरून चालविताना केलेले काम संगणक बंद करताच नाहीसे होते. ठेवायचे असेल ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवावे. आणि सुरुवातीला "करून पाहायचे की बसवायचे" असे इंग्रजीत विचारले जाते, तेथे करून पाहायचे हेच निवडावे. घाईत बसविण्याकडे वळून डिस्क पुसण्यास होकार दिला, तर जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे कागद, लग्नाचे फोटो सारे जाईल.

दोन-चार संध्याकाळी असे चालवून पाहावे. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे याच वेळी तपासून घ्यावे. सगळे जमले तरच कायम बसविण्याचा विचार करावा, आणि त्याआधी घरातले सारे दाखले बाहेर उतरवून ते दुसऱ्या संगणकावर उघडतात का हे पाहावे.