वीज त्यांची, काटकसर आमची

‘ऊर्जा वाचवा’ हा उपदेश येतो तो थेट स्वयंपाकघरात. डाळ भिजत घाला, भांड्यावर झाकण ठेवा. जणू बाईला हे कोणी शिकवायला हवे! सरपण पुरवून पुरवून वापरणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या इंधन वाचवते आहे. त्याची किंमत तिची कंबर आणि फुप्फुसे मोजताहेत.

मोठे निर्णय मात्र तिला वगळून होतात. जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्यांचा घाट घातला गेला. माडबन परिसरातली जमीन घेताना, सातबाऱ्यावर जिचे नाव नाही तिची संमती कोणी मागितली? भट्ट्यांचे गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचे काय होईल, हे मासळी विकणाऱ्या बायांना कोणी विचारले? मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले. एप्रिलमध्ये साखरी नाटे इथे प्रकल्पविरोधकांवर पोलिसांनी गोळीबार केला. एकाचा जीव गेला.

सौरऊर्जा हवीच. पण सौरचूल भर उन्हात शिजवते. पहाटे भाकरी थापून मजुरीला जाणारीने काय करावे? गोबरगॅससाठी रोज शेण-पाणी कोण कालवणार? साधन बदलले आणि कामाची वाटणी तीच राहिली, तर ऊर्जा नवी, राबणूक जुनीच.

मैत्रिणींनो, आपली मागणी स्पष्ट हवी. ऊर्जेच्या प्रत्येक योजनेला ग्रामसभेत बायांची संमती हवी. सौरपंप तिच्याही नावावर हवा. घरातली काटकसर पुरुषांनीही करावी. आणि पहिला हिशेब चुलीचा नव्हे, रात्रभर झगमगणाऱ्या जाहिरातफलकांचा मागा!