‘दृश्यम’ आणि त्याचा उत्तरार्ध

गाजलेल्या कथेचा दुसरा भाग रचणें हें पहिला रचण्याहून अवघड काम होय. पहिल्या वेळीं प्रेक्षक कोऱ्या मनानें येतो. दुसऱ्या वेळीं माप हातांत घेऊन येतो. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनीं २०१५ सालीं हिंदी ‘दृश्यम’ केला. २०२० सालीं कामत निवर्तले. २०२२ सालचा हिंदी उत्तरार्ध अभिषेक पाठक यांनीं दिग्दर्शित केला. तोही २०२१ च्या मल्याळम उत्तरार्धावर बेतलेला आहे.

कथा गोमंतकांतील आहे. चौथीपर्यंत शिकलेला विजय साळगांवकर केबलचा धंदा करतो. त्याच्या मुलीचें चोरून चित्रीकरण करून तिला धमकावणारा मुलगा झटापटींत तिच्या हातून मरतो. बाप प्रेत दडवितो आणि साऱ्या कुटुंबाकडून एकच खोटी हकीकत पाठ करून घेतो. तथापि पूर्वार्धाचें मोठेपण या युक्तींत नाहीं. मृत मुलाची आई, पोलीस अधिकारी मीरा देशमुख, हिचें दुःखही तेथें तितक्याच ममतेनें दाखविलें आहे. शेवटीं विजय त्या मातापित्यांपुढें आडवळणानें अपराध कबूल करतो, तेव्हां कोणाच्या बाजूनें उभें राहावें हें आपणांस कळेनासें होतें.

उत्तरार्धाचा आरंभ याच तोलाचा आहे. सात वर्षें लोटलीं, तरी थोरली मुलगी भयानें खचलेलीच आहे. शेजाऱ्यांची कुजबुज थांबलेली नाहीं. खोट्याचें व्याज मुलांना फेडावें लागतें, हें येथें नेमकें दिसतें. परंतु पुढें हाडांच्या अदलाबदलीनें खटला ढासळतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. विजय मृताची रक्षा त्याच्या आईबापांकडे पोहोंचवितो खरा. पण तोंपर्यंत प्रश्न मागें पडून चातुर्यच पुढें आलेलें असतें. कोडें म्हणून हा भाग उत्तम. माणसांची कथा म्हणून उणा, असें आमचें मत आहे.

पालकहो, मुलांसाठीं हाडांचीं काडें करणारे आईबाप आपल्या बीड जिल्ह्यास नवे नाहींत. दरसाल ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें आपण पाहतोंच. म्हणून विजयची माया आपणांस चटकन् पटते. पण विद्यार्थिनींनो, अशी धमकी आल्यास लाज धमकावणाऱ्यानें बाळगावयाची, तुम्हीं नव्हे. घरीं सांगा, अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्षणासाठीं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. आणि पालकांनीं खोटें पाठ करून घेण्याऐवजीं, मुलांना खरें निर्भयपणें सांगतां येईल असें घर त्यांस द्यावें.