तात्पुरतें कुलूप, पण कोणाच्या दाराला?

कॉलेजच्या आवारांत एखादी भयंकर गोष्ट घडली कीं दुसऱ्या दिवशीं मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीवर एक कागद चिकटतो. त्याची भाषा ठरलेली. अलीकडील घटना लक्षांत घेतां, मुलींच्या सुरक्षिततेसाठीं, पुढील आदेश होईपर्यंत फाटक अमुक वाजतां बंद होईल. बाहेर जाणें झाल्यास पालकांची लेखी संमति आणावी. रजिस्टरांत सही करावी. खालीं साहेबांची सही आणि शिक्का. मुलांच्या होस्टेलवर असा कागद सहसा लागत नाहीं. आणि तो ‘पुढील आदेश’ बहुधा येतच नाहीं. कागद पिवळा पडतो, फाटतो, गळून जातो. नियम मात्र राहतो. शेतकरी व कारागीर बांधवांनो, हा कागद तुमच्या लेकीच्या दारावर लागतो, म्हणून तो नीट वाचून पाहणें तुम्हांला भाग आहे.

ज्यांचे बंगले शहरांत आहेत त्यांच्या मुलींना होस्टेलचें काय? ती घरून कॉलेजांत जाते, घरीं येते, स्वतःच्या खोलींत दिवा लावून वाचीत बसते. होस्टेल लागतें तें आमच्या लेकींना. कुंभाराच्या, सुताराच्या, दोन एकर कोरडवाहूवर राबणाराच्या मुलीला होस्टेल म्हणजेच कॉलेज. तिच्यापाशीं विकत घेतलेलीं पुस्तकें नसतात, म्हणून वाचनालय तिला रात्रीं उशिरापर्यंत लागतें. गांवाहून निघालेली एस. टी. वाटेंत बंद पडली तर ती शहरांत पोंचते रात्रीं दहाला, आणि नऊला फाटक लागलेलें! मग ही सुरक्षितपणाची व्यवस्था तिला कोठें उभी करते? रस्त्यावर. ज्या अंधाराचें भय घालून दार लावलें, त्याच अंधारांत तिला ठेवून दार लावलें. याला रक्षण म्हणावयाचें काय?

आम्ही नियमांचे वैरी नाहीं. शाळा चालविणारा मनुष्य नियमांचा वैरी होऊन कसा चालेल? तात्पुरता नियम कसा असतो तेंही आम्हांस ठाऊक आहे. २०२० च्या मार्चांत करोनाची साथ आली तेव्हां १८९७ चा साथीचा कायदा पुन्हां बाहेर काढला गेला आणि वसतिगृहें रिकामीं झालीं. आमच्या गांवचीं मुलें ट्रंका घेऊन परत आलीं, त्यांचें नुकसानही फार झालें. पण त्या नियमाला एक कारण होतें, तें सर्वांना दिसत होतें. तो मुलालाही होता, मुलीलाही होता. आणि साथ ओसरली तसा तोही उठला. ज्या नियमाला कारण आहे, मुदत आहे आणि जो दोघांना सारखा आहे, त्याला आम्ही मुकाट्यानें मान देऊं. भिंतीवरच्या त्या कागदाला यांतलें काय आहे?

कारण आहे म्हणतात. तर कारणच तपासूं. मुंबईस चर्नी रोडला एक सरकारी वसतिगृह आहे, त्याला नांव सावित्रीबाई फुल्यांचें. २०२३ च्या जून महिन्यांत तेथें एका विद्यार्थिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ती रस्त्यावर नव्हती, वसतिगृहांत होती. संशय ज्याच्यावर आला तो तेथलाच पहारेकरी. त्याचें प्रेत त्याच दिवशीं रेल्वेच्या रुळांवर सांपडलें. पुढल्या वर्षीं, ९ ऑगस्ट २०२४ रोजीं, कलकत्त्याच्या आर. जी. कर इस्पितळांत एका तरुण डॉक्टरीण बाईचा तसाच अंत झाला. तीही भटकत नव्हती. रात्रपाळीच्या कामावर होती, इस्पितळाच्या सभागृहांत घटकाभर टेकली होती. ज्याला पुढें जन्मठेप झाली तो पोलिसांच्या मदतीला नेमलेला स्वयंसेवक. दोन्हीं ठिकाणीं बाई आंत होती आणि राखणदार म्हणून ठेवलेलाच वैरी निघाला. कुंपणानें शेत खाल्लें! आतां कुंपणानें शेत खाल्लें तर शहाणा शेतकरी काय करील? कुंपण तपासील, कीं पिकाला सांगेल कीं बाबा, तूं उगवूंच नकोस?

पण साहेबलोकांनीं पिकालाच बजावलें. कलकत्त्याच्या घटनेनंतर चार दिवसांच्या आंत आसामांत सिल्चरच्या मेडिकल कॉलेजानें सूचनापत्र काढलें, कीं बायांनीं एकट्यानें निर्जन जागीं जाऊं नये, रात्रीं होस्टेलबाहेर पडूं नये. ओरड झाली तेव्हां तें मागें घेतलें. बंगाल सरकारनें त्याच महिन्यांत फर्मान काढलें, कीं शक्य तेथें बायांना रात्रपाळी देऊंच नये. सप्टेंबरांत सुप्रीम कोर्टानें त्यावर कान उपटले, तेव्हां तेंही कलम गाळण्याचें सरकारनें कबूल केलें. बाळंतीण रात्रीं अडली तर तिला पाहणारी बाई कोठून आणावयाची, हा विचार फर्मान काढणाराला शिवलाही नव्हता.

काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत २०१७ सालीं काय झालें? २१ सप्टेंबरच्या संध्याकाळीं आवाराच्या आंतच मोटारसायकलवरच्या टोळक्यानें एका मुलीची छेड काढली. तिनें दाद मागितली तर उलट तिलाच विचारणें, कीं तूं या वेळीं बाहेर कां होतीस! मुली फाटकावर बसल्या. २३ तारखेच्या रात्रीं लाठी चालली, ती फाटकावर बसलेल्यांवर. फाटकाच्या नियमानें हा दुसरा अपाय होतो, आणि तो आम्हांला पहिल्यापेक्षां मोठा वाटतो. वेळेचा नियम असला कीं प्रत्येक गुन्ह्याची चौकशी गुन्हेगाराकडून सुरू न होतां मुलीच्या घड्याळाकडून सुरू होते. मग ती तक्रारच करीत नाहीं; आणि तक्रार नाहीं म्हणजे होस्टेल सुरक्षित, असा अहवाल वर जातो.

केरळांतल्या मुली मात्र कोर्टांत गेल्या. कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत रात्रीं साडेनऊनंतर मुलींना बाहेर पडण्यास मनाई होती, त्यावर त्यांनीं २०२२ सालीं हायकोर्टांत अर्ज केला. न्यायमूर्ति देवन रामचंद्रन यांनीं सरळ विचारलें, कीं मुलींनाच किती दिवस कोंडणार? कोंडावयाचेंच तर उपद्रव देणाऱ्या पुरुषांना कोंडा. यावर तेथल्या आरोग्य विद्यापीठाचें उत्तर असें, कीं होस्टेल म्हणजे प्रवाशांची धर्मशाळा नव्हे, आणि मनुष्याचा मेंदू पुरता पिकतो तो पंचविसाव्या वर्षीं! वाहवा! अठराव्या वर्षीं तिचें मत देशाचें सरकार बनवितें, अठराव्या वर्षीं कायदा तिला बोहल्यावर उभी करूं देतो. तेविसाव्या वर्षीं डॉक्टर होऊन ती तुमच्या नाडीवर हात ठेवील. पण वाचनालयांतून दहा वाजतां परत येण्याची अक्कल तिला पंचविशीवांचून येणार नाहीं! आणि मुलांचे मेंदू लवकर पिकतात काय? ६ डिसेंबर २०२२ ला सरकारनें नवा हुकूम काढला. फाटक साडेनऊला लागेल तें मुलांचेंही लागेल, आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या विद्यार्थ्यांना नोंद करून मागाहूनही आंत येतां येईल. आभाळ कोसळलें नाहीं.

बरें, हा केरळापुरता न्याय म्हणावा, तर तसेंही नाहीं. युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिशनचें २०१५ चें नियमपत्र सबंध हिंदुस्थानांतल्या कॉलेजांना लागू आहे. त्यांत स्पष्ट लिहिलें आहे, कीं सुरक्षिततेचें निमित्त सांगून मुलींच्या होस्टेलला मुलांहून वेगळे जाचक नियम लावूं नयेत. भिंतीवर कागद चिकटविणाऱ्या हातानें हा कागद वाचलेला नसावा, किंवा वाचून पेटींत ठेवला असावा.

साहेब मग शेवटचें शस्त्र काढतात: “पालकांचीच मागणी आहे.” आमच्या गांवच्या एका सुतारभावाला त्याच्या मुलीच्या कॉलेजाकडून असाच छापील कागद आला होता. तो आमच्याकडे वाचावयास आणला. प्रश्न एकच: आपली मुलगी सुरक्षित राहावी असें आपणांस वाटतें काय? खालीं सही. कोणता बाप नाहीं म्हणेल? वाचनालय तिला बंद होईल, हें त्यांत लिहिलें नव्हतें. आवारांतले दिवे किती, ते लागतात कीं नाहीं, पहारेकऱ्याची चौकशी पोलिसांकडून करून घेतली कीं नाहीं, हेंही नव्हतें. बिचारा घाबरला. एवढें भय असेल तर पोरगी परत आणतों, म्हणाला. सोयरीकही चालून आली होती. तुमच्या ‘तात्पुरत्या’ कागदाचें काम शहरांत फाटक लावण्यापुरतें असतें, पण खेड्यांत त्याच कागदानें शिक्षण कायमचें बंद होतें.

येथें आपल्या घरांसंबंधींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. कोणास राग आला तर येवो. ऊसतोडीला गेलेली आपली बायको-बहीण पहाटेच्या काळोखांत फडांत उतरते, मध्यरात्रीं गाडी भरते. भाजीवाली माळीण तांबडें फुटण्यापूर्वीं पाटी डोक्यावर घेऊन बाजाराची वाट धरते. तेव्हां काळोखाचें भय कोणास वाटत नाहीं. तीच पोर पुस्तक घेऊन निघाली कीं मात्र काळोख भरून येतो! कष्टाला रात्र चालते, विद्येला चालत नाहीं, हें शास्त्र आपणांस कोणीं शिकविलें? पोरगा बाराला आला तर त्याची भाकरी झांकून ठेवतों, आणि पोरीची मात्र वेळ मोजतों.

१८४८ सालीं पुण्यांत सावित्रीबाई शाळेला जाऊं लागल्या तेव्हां लोक अंगावर शेण-चिखल टाकीत. त्या वेळीं जोतीरावांनीं पुढील आदेश होईपर्यंत घरीं बसा असें सांगितलें नाहीं. त्या दुसरें लुगडें बरोबर घेऊन गेल्या. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग उघडलें, आणि मागाहून जातोजातीचीं उघडविलीं, तीं रयतेच्या पोराला विद्येच्या जवळ आणण्यासाठीं. वसतिगृह हें विद्येचें दार आहे, कोंडवाडा नव्हे; आणि तें दार पोरांच्या पिढ्यांनीं ओलांडलें, आतां पोरींची पाळी आली तर त्याला कुलूप!

तेव्हां असला कागद घरीं आला तर सही करण्यापूर्वीं त्याच्या पाठीवर लिहून विचारा: हा नियम कोणत्या तारखेला उठेल? मुलांच्या होस्टेलला हाच आहे काय? पहारेकरी कोणीं तपासून नेमला? रात्रीं उशिरा आलेल्या मुलीला दार कोण उघडील, त्याचें नांव काय? तक्रार घेणारी कमिटी कॉलेजांत आहे काय, आणि तिच्यावर कोण आहे? लिहितां येत नसेल तर गांवच्या मास्तराकडे जा. आम्ही कोठेंही असलों तरी एवढें लिहून देऊं. कागद स्पीड पोस्टानें पाठवा, आणि पोंच जपून ठेवा.