आराखडा जिल्ह्याचा, की जिल्ह्यावर लादलेला?

राज्यातील जिल्ह्यांचे विकास आराखडे नव्याने सिद्ध करण्याची मोहीम राज्य शासनाने गेल्या काही वर्षांत हाती घेतली. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करावयाची, हे उद्दिष्ट आधी वर ठरले. त्यात प्रत्येक जिल्ह्याने आपला वाटा कसा उचलावा, हे नंतर खाली सांगण्यात आले. नीती आयोगाच्या धर्तीवर २०२२ मध्ये ‘मित्र’ नावाची संस्था त्यासाठी उभी राहिली. योजनेला आमचा विरोध नाही. समाजवाद्यांचा तो कधीच नव्हता. प्रश्न एवढाच आहे की, ही योजना करतो कोण आणि मोजतो काय?

जिल्ह्याचे उत्पन्न हे एकदा प्रगतीचे माप ठरले की सारेच सोपे होऊन जाते. ठाणे जिल्ह्याचे उत्पन्न राज्यात वरच्या क्रमांकात आहे. याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. उत्पन्नाच्या आकड्याला हा हंडा दिसत नाही.

१९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने वेगळे माप घेतले होते. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका सुविधेत राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे आहे, हे समितीने मोजले. तो अनुशेष ३,१८६ कोटींहून अधिक भरला. त्या पद्धतीवर मतभेद झाले, पण तिचा रोख बरोबर होता. कोण किती पुढे धावेल हा तिचा प्रश्न नव्हता. कोणाला किती मिळालेले नाही, हा होता. अनुशेषावर देखरेख ठेवण्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

संविधान याबाबत संदिग्ध नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४३ झेडडी सांगतो की, ग्रामपंचायतींपासून नगरपालिकांपर्यंत सर्वांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा जिल्हा नियोजन समितीने करावा आणि समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतील निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत. प्रत्यक्षात अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. त्यातच २०२२ पासून बहुसंख्य जिल्हा परिषदा व महापालिका प्रशासकांच्या ताब्यात गेल्या. आरक्षणाच्या वादाचे निमित्त झाले आणि वर्षांमागून वर्षे निवडणुका लांबल्या. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला, तेव्हा कोठे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. म्हणजे जिल्ह्यांचे भवितव्य ज्या काळात लिहिले जात होते, नेमक्या त्याच काळात जिल्ह्यांचे प्रतिनिधी घरी बसवलेले होते. याला नियोजन म्हणावयाचे काय?

आणि खरा मोठा पैसा तर या समितीपुढे येतच नाही. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. खर्च पंचावन्न हजार कोटींच्या वर. हा निर्णय कोणत्याही जिल्हा आराखड्यातून उगवला नाही. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीस मंजुरी दिली. कोल्हापुरातील शेतकरी त्याच्या विरोधात आधीपासून रस्त्यावर उतरले होते. कर्ज महामंडळ काढते, परतफेडीचा भार मात्र पथकरातून प्रवाशावर, नाही तर सरकारी तिजोरीवर येतो. जिल्हा समितीच्या वाट्याला उरते ते स्मशानभूमीचे कुंपण आणि समाजमंदिराची दुरुस्ती.

‘तुम्हाला रस्ते नकोत काय?’ असा सवाल लगेच केला जाईल. रस्ते हवेतच. पण समृद्धी महामार्ग त्याच शहापूर तालुक्यातून जातो आणि त्यावर दुचाकीला, रिक्षाला, ट्रॅक्टरला मज्जाव आहे. ज्याची जमीन रस्त्याखाली गेली, त्याचा ट्रॅक्टर त्या रस्त्यावर चढू शकत नाही. पाड्याकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलात बुडावी आणि तिच्या शेजारून सहापदरी रस्ता जावा, हा अग्रक्रम कोणी ठरवला, एवढेच आम्ही विचारतो.

स्थानिक संस्थाही ठेकेदारांच्या कह्यात आहेत, हा आक्षेप खोटा नाही. पण गावच्या ठेकेदाराला गाव ओळखते आणि त्याच्या पुढाऱ्याला पाच वर्षांनी पाडूही शकते. सल्लागार कंपनीला कोणता मतदार पाडणार?

यात आपलाही दोष आहे. मोर्चे आपण काढले, पण अंदाजपत्रक वाचण्याचा कंटाळा केला. आता कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन ग्रामसभांत उभे राहावे. पहिली, अनुशेष जिल्ह्याच्या सरासरीने न मोजता तालुक्यागणिक, वाडी-पाड्यागणिक मोजावा. दुसरी, महामंडळांच्या खर्चासह जिल्ह्यात पडणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक रुपयाचा हिशेब नियोजन समितीपुढे यावा. तिसरी, ग्रामसभांचे ठराव आणि निर्वाचित सदस्यांची चर्चा यांवाचून कोणताही सुधारित आराखडा मंजूर होऊ नये.

नळ, शाळा, दवाखाना आणि वाट यांची यादी गावाने स्वतः करावी, ठराव करून समितीकडे धाडावी आणि तिचे काय झाले हे दर तिमाहीस विचारावे. जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्याच्या हाती घेण्याची सुरुवात त्या यादीपासूनच होईल.