वरची दाढ आणि तुंबलेले नाक

‘रोग रेड्याला, औषध पखालीला’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. दाढ आणि नाक यांच्या बाबतीत ती पुष्कळदा खरी ठरते. दुखणे नाकाचे असते आणि चांगली दाढ उपटली जाते. कधी उलट होते. दाढ किडलेली असते आणि माणूस महिनोन्‌महिने सर्दीच्या गोळ्या खात बसतो. असे का होते, ते आज पाहू.

आपल्या डोळ्याखाली, गालाच्या हाडाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. तिच्यात हवा असते आणि आतून पातळ, ओलसर अस्तर असते. या पोकळीचे दार नाकात उघडते, पण ते बुडाशी नसून वरच्या अंगाला असते. ज्या हौदाला खाली तोटी नाही, नुसता वर सांडवा आहे, तो लवकर रिकामा होत नाही. तसेच हिचे आहे. सर्दीने दार सुजले की आतली घाण आतच अडकते.

या हौदाची जमीन कोणती म्हणाल, तर ज्या हाडात वरच्या दाढांची मुळे रोवलेली असतात तेच हाड. कित्येक माणसांत दाढेच्या मुळाचे टोक आणि ही पोकळी यांच्यामध्ये हाडाचा नुसता पापुद्रा असतो. दोन घरांत एकच भिंत असली म्हणजे एकाची ओल दुसऱ्याकडे जायचीच.

आता पहिला प्रकार घ्या. सर्दी होऊन आठ-दहा दिवस झाले, गाल जड झाला आणि वरच्या बाजूच्या तीन-चार दाढा एकदम दुखू लागल्या. निंदायला खाली वाकले, पायऱ्या धपाधप उतरले की ठणका वाढतो. कोणती दाढ दुखते ते बोट ठेवून सांगता येत नाही. अशा वेळी दुखणे बहुधा सायनसचे असते. दाढ काढण्याची घाई करू नका. सर्दी उतरली की दाढाही शांत होतात.

दुसरा प्रकार असा. नाक एकाच बाजूने वाहते, स्रावाला घाण वास येतो, तोंडाला वाईट चव येते, औषधाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. अशा वेळी त्याच बाजूच्या वरच्या दाढा तपासून घ्या. किडलेल्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू पापुद्रा ओलांडून सायनसमध्ये उतरलेला असू शकतो. गंमत अशी, की अशी दाढ दुखतेच असे नाही. तिची नस मेलेली असते. मूळ दुखणे दाढेत असेल तर नुसत्या सर्दीच्या औषधाने ते हटत नाही. मुळांत औषध भरून दाढ वाचवावी लागते, नाहीतर काढावी लागते.

हे नाते जुनेच आहे. 1651 साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात एका बाईची हकिगत लिहिली. तिचा किडका सुळा काढल्यावर त्या भोकातून स्राव वाहू लागला. भोक कुठवर जाते ते पाहायला तिने पिसाचा दांडा आत घातला, तर तो जवळजवळ सगळाच गेला! आता मेंदूलाच लागला म्हणून ती घाबरली. तो गेला होता सायनसमध्ये.

म्हणूनच वरची दाढ बाजारात बसलेल्या माणसाकडून काढून घेऊ नका. काढताना सायनसला भोक पडू शकते. चूळ भरल्यावर पाणी नाकातून आले, तर समजा तसे झाले आहे. मग जोराने नाक शिंकरू नका, विडी-तंबाखू बंद ठेवा आणि लगेच दंतवैद्य गाठा. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतला ‘किडा’ पाडण्याची चालही सोडा. दाढेत किडा नसतोच. ती जंतूंनी आणि गोडाने पोखरलेली असते.

मधुमेह असणाऱ्यांनी तर फारच जपावे. 2021 साली करोनाच्या लाटेत काळ्या बुरशीचा रोग आपल्या महाराष्ट्रात पसरला, तो अनेकांच्या सायनसमध्येच मुरला होता. वरचे दात हलू लागले, टाळू काळी पडली. काहींचा वरचा जबडा काढावा लागला. साखर वाढलेली असताना गाल सुजला, बधिर झाला किंवा चांगले दात एकाएकी हलू लागले, तर एक दिवसही थांबू नका. एका नाकपुडीतून वारंवार रक्त येणे, गालावर गाठ वाढणे, हीही घरी बसून राहण्याची लक्षणे नव्हेत.

जायचे कुठे? करमाड, बदनापूरकडून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला येताना मुकुंदवाडी लागते. एकेकाळचे हे वेगळे गाव आता शहराचाच भाग झाले आहे. तिथून पुढे शहरात घाटीचे सरकारी रुग्णालय आहे. तिथे कान-नाक-घशाचा विभाग आहे आणि 1982 साली सुरू झालेले सरकारी दंत महाविद्यालयही घाटीच्या आवारातच आहे. नाकाच्या डॉक्टरांना दाढेचे आणि दाताच्या डॉक्टरांना नाकाचे आवर्जून सांगा. एका फोटोत पुष्कळदा दोन्हींचा उलगडा होतो.

आणि घरातल्या घरात एवढे करा: रात्री झोपण्यापूर्वी लहानथोरांनी दात घासावेत, मिसरी सोडावी आणि दाढेला बारीक खड्डा दिसला की तेव्हाच भरून घ्यावा. बांधाला घूस लागली की आपण पहिल्याच पावसाआधी बीळ बुजवतो. दाढेचेही तसेच करावे.