जबाब कोणाचा?
“भांडण बांधावरूनच झाले ना? होय की नाही, तेवढेच बोल!” असे दरडावणारा अंमलदार चौकशी करीत नाही, तो आपलाच निष्कर्ष फिर्यादीच्या तोंडी घालतो. भेदरलेला माणूस ‘होय’च म्हणणार! “काय घडले ते सांगा” असे म्हणून स्वस्थ ऐकले, तरच शिवी कोणती दिली, काठी कोणाच्या हाती होती, पाहणारे कोण, हे बाहेर येते. होय-नाही मागाहून, खुलाशापुरते. न्यायालयात सरतपासात सूचक प्रश्नांना सामान्यतः मनाई आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती होती, २०२३ च्या साक्ष अधिनियमातही आहे. मग ठाण्यातच ही मोकळीक का? बंधुभगिनींनो, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तोंडी फिर्याद सहीपूर्वी वाचून दाखविण्यास सांगते. ती ऐकल्यावाचून अंगठा उठवू नका!