पेटीच्या चार किल्ल्या

चर्चच्या सेवाकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे परकीय पैशाची चर्चा होते. ती व्हावीच, पण पैसा राखला कसा जातो, याकडे किती जणांचे लक्ष जाते? जर्मनीतील सॅक्सनीत, लाइस्निग येथील ल्यूथरपंथीयांनी १५२३ साली धर्मगुरूचे वेतन, शाळा व दीनदुबळे यांसाठी सामाईक पेटी ठरवली. तिला चार कुलुपे. किल्ल्या सरदार, नगरपरिषद, नागरिक आणि शेतकरी यांच्या प्रतिनिधींकडे. नियमावलीला प्रस्तावना खुद्द मार्टिन ल्यूथरची. तरीही नगरपरिषदेने ताब्यातली मालमत्ता सोडली नाही अन् योजना रखडली! लोभ ही कोणा एका पंथाची मक्तेदारी नव्हे. आपल्या देवस्थानांच्या दानपेट्यांची एखादी तरी किल्ली शेतकऱ्याच्या हाती आहे काय?